रुबेलाची लस: एमआर, एमएमआर की नुसती रुबेला? (ठाणे-नवी मुंबईकर, मदत हवी)

मृण्मयी_ऐरोली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बाळाचा विचार चालू आहे. डॉक्टरांनी बाकीच्या चाचण्यांसोबत रुबेला आयजीजी (अंगात रुबेलाची प्रतिकारशक्ती आहे का ते बघणारी रक्तचाचणी) करायला सांगितली, ती निगेटिव्ह आली, म्हणजे नाही. वय २९. आईला विचारलं तर म्हणते, "गोवराचं टोचलं होतं तुला, पुढचं काही आठवत नाही." कार्ड दाखवायची सोय नाही, ते २००५ च्या पुरात गेलं. तेव्हा आम्ही कळव्याला तळमजल्यावर राहायचो.

डॉक्टर म्हणाल्या, एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस) घे आणि बाळासाठी महिनाभर थांब. केमिस्टकडे गेले तर त्याने एमएमआरचीच दोन ब्रँडची नावं समोर ठेवली, ट्रेसिव्हॅक आणि प्रायोरिक्स, आणि वर मलाच विचारलं, "कुठली देऊ?" आता मला काय माहीत!

त्यात जावेची मुलगी नऊ महिन्यांची झालीय. महापालिकेच्या केंद्रात एमआर (फक्त गोवर-रुबेला) फुकट मिळते, खाजगी डॉक्टर एमएमआर देतात. सोसायटीच्या ग्रुपवर यावरून दोन दिवस रण माजलंय. एक गट म्हणतो सरकारी लस "कमी पॉवरची", दुसरा म्हणतो खाजगीवाले उगाच एक रोग जास्त जोडून पैसे काढतात.

माझे प्रश्न दोनच. रुबेलापुरतं बोलायचं तर यातली जास्त परिणामकारक कोणती? आणि त्रास कशाने जास्त होतो? ज्यांनी मोठेपणी घेतली आहे त्यांनी प्लीज लिहा.

---

चिंतामणी_कोपरी

माझ्या दोन्ही मुलींना महापालिकेतच दिली. धाकटीला आठवड्याने एक दिवस ताप, मोठीला तेही नाही. इतकंच सांगू शकतो.

---

पारसिक

मृण्मयी, निम्मं उत्तर आधीच देऊन टाकतो. रुबेलाचा भाग या सगळ्यांत एकच आहे. महापालिकेची एमआर घ्या, ट्रेसिव्हॅक घ्या, प्रायोरिक्स घ्या किंवा मिळाली तर नुसती रुबेलाची लस घ्या, आतला रुबेलाचा विषाणू आरए २७/३ नावाच्या स्ट्रेनचाच (स्ट्रेन म्हणजे विषाणूचा वाण). त्यामुळे सरकारी कमी पॉवरची आणि खाजगी जास्त पॉवरची, हे निदान रुबेलाच्या बाबतीत शुद्ध सोसायटी-संशोधन आहे.

एकेकाळी मात्र ही तुलना खरोखरच करावी लागत होती. माझी नोकरी रबाळ्याला औषधांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये गेली, त्यामुळे हा इतिहास माझ्या आवडीचा आहे. थोडं लांबण लावतो.

१९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली. सव्वा कोटीच्या आसपास लोकांना लागण झाली आणि जन्मजात रुबेला (आईला गरोदरपणी झालेली लागण पोटातच बाळाला होते तो) घेऊन आलेली बाळं सुमारे वीस हजार. विषाणू त्याच्या जेमतेम दोन वर्षं आधी, १९६२ मध्ये, प्रयोगशाळेत वेगळा काढता आला होता. मग लशींची शर्यतच लागली. १९६९ पासून तिथे तीन लशी बाजारात आल्या. एचपीव्ही-७७ या स्ट्रेनच्या दोन, एक बदकाच्या भ्रूणपेशींत वाढवलेली आणि एक कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींत. (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लशीशी या एचपीव्हीचा काही संबंध नाही.) तिसरी सेंडेहिल, ही सशाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवलेली.

तिन्ही लशींनी अँटिबॉडी तयार व्हायच्या. पण कुत्र्याच्या पेशींतल्या लशीने सांधेदुखी इतकी व्हायला लागली, लहान मुलांतसुद्धा, की ती मागे घ्यावी लागली. दरम्यान फिलाडेल्फियाला स्टॅन्ली प्लॉटकिन यांनी आरए २७/३ तयार केली होती. ही माणसाच्याच डब्ल्यूआय-३८ पेशींत आणि शरीराच्या तापमानापेक्षा कमी, ३० अंशांवर वाढवलेली. युरोपात ती १९७० मध्येच आली, अमेरिकेने १९७९ पर्यंत वेळ लावला, पण एकदा घेतल्यावर बाकीच्या सगळ्या बाजूला सारल्या. कारण हिने रक्तात अँटिबॉडी जास्त तर येतातच, शिवाय नाकाच्या आतल्या अस्तरातही येतात. विषाणू शिरतो तिथून, म्हणजे दारातच अडवणूक. पुन्हा लागण होण्याचं प्रमाण त्यामुळे जुन्या लशींपेक्षा कमी राहतं.

आज जपान आणि चीनचे स्वतःचे स्ट्रेन सोडले तर जग हीच लस वापरतं. एका डोसमध्ये साधारण ९५ टक्के किंवा त्याहून जास्त लोकांत प्रतिकारशक्ती येते. अमेरिकेच्या सीडीसीचा (तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राचा) एका डोसचा आकडा ९७ टक्के आहे. गोवराला तोच आकडा ९३ आहे आणि गालगुंडाला त्याहून बराच खाली. म्हणजे तिघांत रुबेलाचं काम सगळ्यात चोख.

केमिस्टच्या त्या दोन खोक्यांत फरक आहे, पण तो गोवर आणि गालगुंडाच्या भागात. त्यावर इथले डॉक्टर लिहितील तर बरं.

---

स्पष्टवक्ता_ठाणे

आमच्या लहानपणी गोवर-कांजिण्या सगळ्यांना व्हायच्या. आठवडाभर घरी बसायचं, कडुलिंबाच्या पाल्याची आंघोळ, संपलं. निसर्गाने येणारी प्रतिकारशक्ती कधीही श्रेष्ठ. हा रुबेला तर गोवरापेक्षाही सौम्य म्हणतात. मग एवढा बाऊ कशाला? माणसाच्या पेशींत वाढवलेली लस आहे हे पारसिक काकांनीच कबूल केलंय, वाचणाऱ्यांनी विचार करावा.

---

पारसिक

कबूल कसलं, मी ते कौतुकाने लिहिलंय. त्या पेशी १९६२ मधल्या एकाच गर्भाच्या ऊतीपासून सुरू झाल्या आणि तेव्हापासून प्रयोगशाळेत वाढवल्या जाताहेत. दर वेळी नवीन काही आणत नाहीत. ज्यांना याबद्दल नैतिक आक्षेप आहे त्यांचा आक्षेप मी समजू शकतो. पण त्यामुळे लस धोक्याची ठरत नाही. प्राण्यांच्या पेशींतल्या लशींचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

---

वाचनमात्र_नौपाडा

मी इथे फक्त वाचते, पण 'सौम्य' वाचून लिहायला बसले.

कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवलं आहे. प्रवेशाच्या वेळी आईची हकिकत लिहून घ्यायची असते. "दिवस गेले होते तेव्हा अंगावर बारीक पुरळ आलं होतं, दोन-तीन दिवसांत गेलं, उष्णतेचं वाटलं." हे वाक्य वेगवेगळ्या बायकांच्या तोंडून ऐकलेलं आहे. बहुतेकींना डॉक्टरकडे जावं इतकाही त्रास झालेला नव्हता. मुलाला मात्र ऐकू येत नाही, कुणाला जोडीला मोतीबिंदू, कुणाच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं.

हा संबंध पहिल्यांदा १९४१ मध्ये सिडनीच्या एका नेत्रतज्ज्ञाने, नॉर्मन ग्रेग यांनी, लावला. त्यांच्याकडे मोतीबिंदू असलेली तान्ही बाळं एकामागून एक येत होती आणि आयांशी बोलताना त्यांना हाच धागा सापडला. गरोदरपणाच्या पहिल्या बारा आठवड्यांत लागण झाली तर दहातल्या आठ-नऊ गर्भांवर परिणाम होऊ शकतो. विसाव्या आठवड्यानंतर तो धोका फार कमी होतो. म्हणजे बाईला पक्कं कळायच्या आतच व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

स्पष्टवक्ता, नैसर्गिक प्रतिकारशक्ती येतेच. ती कुणाच्या खर्चाने, एवढंच बघा. आंघोळ तुमची आणि पाला तुमचा, पण शेजारच्या गरोदर बाईला कुणी विचारलं होतं का?

---

अनघा_सानपाडा

मृण्मयी, मोठेपणी घेतलेली मी आहे. तुझ्यासारखीच आयजीजी निगेटिव्ह, वय ३१. त्या दिवशी काहीच नाही, दंड जरासा दुखला. मी खुशीत. दोनेक आठवड्यांनी सकाळी उठले तर बोटांची पेरं आखडलेली आणि गुडघे धरलेले. वाशीहून ठाण्याच्या लोकलमध्ये वरची कडी धरवेना. मला वाटलं संधिवात सुरू झाला, कारण मधे इतके दिवस गेले होते की लशीचा संबंधच डोक्यात आला नाही. डॉक्टरांनी तारखा मोजल्या आणि हसून म्हणाल्या, "लशीचं आहे, जाईल." आठवड्याभराने गेलं, परत आलं नाही.

चिडचिड फक्त एका गोष्टीची. हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं. 'लहान मुलांची लस आहे, काही होत नाही' एवढंच ऐकवून पाठवलं होतं.

---

डॉ_ठाणे_बालरोग

अनघा यांची तक्रार रास्त आहे. मी लहान मुलांचा डॉक्टर, पण या लशीशी रोजचा संबंध. इथे कुणाचा रिपोर्ट पाहून सल्ला देत नाही, सर्वसाधारण माहिती लिहितो.

रुबेलाच्या भागाचा ठळक दुष्परिणाम हाच: सांधेदुखी, आणि तीही प्रौढ स्त्रियांत. ज्यांना आधी प्रतिकारशक्ती नाही अशा साधारण २५ टक्के स्त्रियांना सांधे दुखतात आणि १० टक्क्यांच्या आसपास स्त्रियांत सांध्याला सूजही येते. लस घेतल्यावर एक ते तीन आठवड्यांनी सुरू होतं आणि एखाद्या दिवसापासून तीन आठवड्यांपर्यंत टिकतं. लहान मुलांत हे क्वचितच दिसतं. आणि खरा रुबेला मोठ्या बाईला झाला तर सांधेदुखीचं प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत जातं.

यातली एक गंमत बहुतेकांना माहीत नसते. कॅनडात बाळंतिणींवर एक चाचणी झाली, निकाल १९९७ मध्ये आले. निम्म्या जणींना रुबेलाची लस, निम्म्या जणींना औषध नसलेलं इंजेक्शन. लसवाल्यांत सांध्यांचा त्रास ३० टक्क्यांना, पण नुसत्या इंजेक्शनवाल्यांतही २० टक्क्यांना! बाळंतपणानंतर अंग दुखतंच की. म्हणजे लशीमुळे होतं हे खरं, पण लशीनंतर दुखलं ते सगळं लशीमुळे, असं नाही.

आता खोकी. प्रायोरिक्समधला गालगुंडाचा भाग जेरिल लिन या स्ट्रेनपासून काढलेला. (मॉरिस हिलमन यांनी १९६३ मध्ये आपल्याच मुलीला गालगुंड झालं तेव्हा तिच्या घशातून नमुना घेतला, स्ट्रेनला नाव तिचंच. शास्त्रज्ञाच्या घरी जन्माला यायचे तोटे.) ट्रेसिव्हॅकमध्ये लेनिनग्राड-झाग्रेब. गालगुंडाच्या काही स्ट्रेननी मेंदूच्या आवरणाला तात्पुरती सूज येऊ शकते. जेरिल लिनच्या बाबतीत ते फार दुर्मीळ, लेनिनग्राड-झाग्रेबच्या नोंदी त्यापेक्षा जास्त, उराबे नावाच्या स्ट्रेनच्याही जास्त. उराबे असलेली एमएमआर ब्रिटनने १९९२ मध्ये थांबवली आणि जपानने १९९३ मध्ये तर एमएमआरच बंद केली. ही सूज सहसा कायमचं नुकसान न करता बरी होते. एमएमआरची एमएमआरशी तुलना करताना तज्ज्ञ ज्यावर भांडतात तो मुद्दा हा आहे, आणि त्यात रुबेला कुठेच नाही.

जावेच्या मुलीचं: सरकारी वेळापत्रकात एमआर ९ ते १२ महिन्यांत आणि १६ ते २४ महिन्यांत. गालगुंड त्यात नाही. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या वेळापत्रकात एमएमआर ९ महिने, १५ महिने आणि ४ ते ६ वर्षं. गालगुंडाचं संरक्षण हवं असेल आणि परवडत असेल तर एमएमआर. नसेल तर एमआर घेऊन रुबेलाच्या बाबतीत तसूभरही कमी पडत नाही. खाजगीत 'पुढच्या महिन्यात घेऊ' करत दीड वर्ष घालवलेली मुलं मी बघतो. त्यांच्यापेक्षा वेळेवर एमआर घेतलेलं मूल कितीतरी सुरक्षित.

---

स्पष्टवक्ता_ठाणे

डॉक्टर, ऑटिझमचं काय? त्यावर सगळे गप्प.

---

डॉ_ठाणे_बालरोग

गप्प नाही, कंटाळलेले. एमएमआरचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा १९९८ चा तो बारा मुलांवरचा लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. डेन्मार्कने साडेसहा लाखांहून जास्त मुलांची नोंद तपासून २०१९ मध्ये निकाल दिला: एमएमआरने ऑटिझमचा धोका वाढत नाही.

खरे दुर्मीळ धोके हवे असतील तर देतो. तापातली फेफरं तीन-चार हजार डोसमागे एक. प्लेटलेट्स तात्पुरत्या कमी होणं तीस-चाळीस हजारांमागे एक. तीव्र अ‍ॅलर्जी दहा लाखांमागे एखादी. हे पालकांना सांगावंच. लपवलं की तुमच्यासारख्यांचं फावतं.

---

लसताई

मी नवी मुंबईत नागरी आरोग्य केंद्रात एएनएम (परिचारिका) आहे. आमच्याकडे रोज ऐकू येणाऱ्या दोन-तीन गोष्टी लिहिते.

पहिली तापाची. नऊ महिन्यांच्या बाळाला त्याच दिवशी एमआरबरोबर पोलिओचं इंजेक्शन आणि न्यूमोनियाच्या लशीचा बूस्टरही असतो, शिवाय अ जीवनसत्त्वाचा डोस. त्या रात्री ताप आला की आया म्हणतात "गोवराच्या इंजेक्शनने आला". एमआरचा ताप असा लगेच येत नाही. जिवंत विषाणूची लस आहे, अंगात वाढायला वेळ लागतो. सातव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान येतो, कधी अंगावर बारीक पुरळ. तेव्हा मात्र सगळे म्हणतात "दात येताहेत". म्हणजे नको त्या लशीला शिव्या आणि हवी तिला माफी!

दुसरी, बाटलीची. पावडरमध्ये पाणी मिसळलं की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. आम्ही बाटलीवर वेळ लिहितो. तुम्ही बघायला मागा, आम्हाला राग येत नाही. टोचायची उजव्या दंडाला, कातडीखाली. नंतर अर्धा तास बसवून ठेवतो तो आमच्या हौसेने नाही, अ‍ॅलर्जी झाली तर ती त्याच वेळात कळते. पण अर्धा तास म्हटलं की लोकांना लगेच रिक्षा आठवते.

तिसरी. २७ नोव्हेंबर २०१८ ला महाराष्ट्रात एमआरची मोहीम सुरू झाली, ९ महिने ते १५ वर्षांच्या आतले सगळे. आम्ही शाळाशाळांत जायचो. एका वर्गात एक मुलगी सुई बघूनच चक्कर येऊन पडली आणि तिच्या मागच्या रांगेतल्या चार जणी टोचायच्या आधीच रडत खाली बसल्या. संध्याकाळपर्यंत मोबाइलवर 'लशीने मुली बेशुद्ध'. दुसऱ्या दिवशी निम्मे पालक गेटवर. त्यातल्या एका आजोबांनी मला विचारलं, "मुलींना मूल होऊ नये म्हणून देता ना हे?" मी म्हटलं, "आजोबा, चांगलं मूल व्हावं म्हणून देतो." नातीला घेऊन आले मग.

---

चिंतामणी_कोपरी

लसताई, मग मुलग्यांना का देतात? त्यांना कुठे दिवस जायचे आहेत?

---

पारसिक

जपानने तुमच्यासारखाच विचार केला होता. १९७७ पासून त्यांनी फक्त शाळकरी मुलींना लस दिली, मुलगे सोडले. ते मुलगे मोठे होऊन ऑफिसात आणि गाड्यांच्या गर्दीत गेले. २०१३ मध्ये तिथे १४ हजारांवर रुग्ण निघाले, बहुसंख्य प्रौढ पुरुष. त्या साथीतून जन्मजात रुबेलाची ४५ बाळं नोंदली गेली. विषाणू घरी आणायला गर्भाशय लागत नाही.

ग्रीसची गोष्ट आणखी विचार करायला लावणारी आहे. तिथे १९७० च्या दशकापासून एमएमआर मिळत होती, पण ज्याला हवी त्याने घ्यावी अशी. निम्म्याहून कमी मुलांनी घेतली. त्यामुळे विषाणूचं फिरणं कमी झालं, थांबलं नाही. लस न घेतलेल्या मुलींना पूर्वी लहानपणीच रुबेला होऊन जायचा, आता तो न होताच त्या विशीत पोचल्या. १९९३ मध्ये साथ आली तेव्हा नेमक्या त्याच वयातल्या बायका सापडल्या. अर्धवट लसीकरण हे मुळीच नसण्यापेक्षा वाईट ठरू शकतं, असं ज्या थोड्या लशींबद्दल म्हणता येईल त्यांत ही आहे.

आपल्याकडेही वर्षानुवर्षं ज्याला परवडेल तो खाजगीत एमएमआर घ्यायचा, बाकीच्यांना फक्त गोवराची. मृण्मयीच्या वयाच्या बायका त्याच काळातल्या. २०१८ च्या मोहिमेत पंधरा वर्षांपर्यंतची मुलं एकदम घेतली, ती ही दरी बुजवण्यासाठी. मृण्मयी त्या दरीच्या या बाजूला राहिली.

---

निळी_छत्री

मधेच विचारते. मी चौथ्या महिन्यात आहे, घोडबंदर रोडला राहतो. मोठ्या मुलाचा दीड वर्षाचा एमआर आता आलाय. सासूबाई म्हणतात बाळंतपण होईपर्यंत थांबवा, लशीतला विषाणू तुला लागेल. आणि माझ्या टॉर्चच्या (गरोदरपणातल्या संसर्गांच्या रक्ततपासणीच्या) रिपोर्टमध्ये रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह आहे, त्यानेही घाबरले आहे.

---

डॉ_ठाणे_बालरोग

मुलाची लस थांबवू नका. लस घेतलेल्या मुलाकडून घरातल्या गरोदर बाईला लागण होण्याची भीती धरली जात नाही. उलट लस न घेतलेलं मूल घरात असणं हाच धोका. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे बहुधा तुमच्याकडे प्रतिकारशक्ती आधीपासून आहे. बातमी चांगली आहे. घाबरायचं असतं ते आयजीएम (ताज्या लागणीची खूण) पॉझिटिव्ह आल्यावर, आणि तेही लगेच नाही, कारण ती चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. पुन्हा तपासल्याशिवाय कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

गरोदरपणात स्वतः ही लस घ्यायची नाही. पण न कळत घेतली गेली तर गर्भपात करा असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. अमेरिकेत १९७१ ते १९८९ अशा बायकांची नोंद ठेवली होती. प्रतिकारशक्ती नसताना लस घेतलेल्या तीनशेहून जास्त जणींपैकी एकीच्याही बाळात जन्मजात रुबेलाची विकृती सापडली नाही. एक महिना थांबायला सांगतात ती खबरदारी. पूर्वी तीन महिने सांगायचे, काही डॉक्टर अजूनही तसं सांगतात.

---

मृण्मयी_ऐरोली

सगळ्यांचे आभार, विशेषतः अनघा आणि लसताई. अनघा, तुझं वाचलं नसतं तर मीही संधिवाताच्या डॉक्टरकडे धावले असते.

आज घेतली. जी फ्रीजमध्ये होती ती, खोक्यावरून डोकं खाल्लं नाही. जावेला पारसिक काकांचा प्रतिसाद पाठवला, ती गुरुवारी बाळाला केंद्रात नेतेय. नवऱ्याचं राहिलंय. त्याचंही कार्ड नाही. त्याची आधी आयजीजी करायची की थेट लस?

---

डॉ_ठाणे_बालरोग

पुरुषाला थेट लस दिली तरी चालते. आधी प्रतिकारशक्ती असेल तर डोस वाया गेला इतकंच, अपाय नाही. चाचणीचा खर्च आणि हेलपाटा वाचतो. पण स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, किंवा गेल्या काही महिन्यांत त्यांना रक्त चढवलं गेलं असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा. मँटू (क्षयाची) चाचणी करायची असेल तर लशीच्या दिवशीच, नाहीतर चार ते सहा आठवड्यांनी.

---

लसताई

आणि मृण्मयी, नवीन कार्ड करून घे. तारीख, लशीचं नाव, बॅच नंबर. फोटो काढून आईलाही पाठव.

---

चिंतामणी_कोपरी

आईला नको, तिच्याकडचं आधीच एक वाहून गेलंय. :)